घर बांधून झाले, आता आत काय?

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे जुनी माणसे म्हणत आली ती उगीच नाही. पण एक गंमत बघा. लग्नात पंगतीला कोण कुठे बसणार याचाही आधी विचार होतो. घर बांधताना मात्र पाया किती फूट, सळई किती जाडीची, वाळू किती ब्रास, सिमेंटच्या गोण्या कुठून आणायच्या, एवढ्यावरच चार महिने चर्चा चालते. आत चूल कुठे, दिवा कुठे, अंथरुणे कुठे, पोरांनी दप्तर घेऊन बसायचे कुठे, हे कोणी कोणाला विचारतच नाही. ते मिस्त्री ठरवतो. ओट्याची उंची मिस्त्री ठरवतो, फडताळाची जागा मिस्त्री ठरवतो, आणि खिडकी तर हाताशी जी चौकट आली असेल तिच्या मापाने बसते. त्याला बोल लावण्यात अर्थ नाही. भिंत ओळंब्यात आहे की नाही एवढे पाहणे त्याचे काम. त्या ओट्यापाशी पुढची तीस वर्षे कोण उभे राहणार आहे, हे त्याला कोणी सांगितले होते का?

म्हणून भगिनींनो, हा लेख तुमच्यासाठी आहेच. पण घरातल्या कर्त्या पुरुषांनीही तो वाचावा, कारण पैसे त्यांच्या हातून जातात. पुढे सांगितलेल्या बऱ्याच गोष्टींना जादा पैसा लागतही नाही. काम चालू असताना दोन शब्द बोलावे लागतात, इतकेच. भिंत वर गेल्यावर त्याच दोन शब्दांना छिन्नी-हातोडा लागतो.

फक्की मारलीत? आता जरा थांबा

जागेवर चुन्याची फक्की मारली की मजूर दुसऱ्या दिवशी कुदळ घेऊन हजर. माझे म्हणणे असे, की मधली एक संध्याकाळ घरातल्या सगळ्यांनी त्या पांढऱ्या रेघांत घालवावी. घरातली बाज उचलून आणा आणि जिथे झोपायची जागा म्हणता तिथे टाका. चार विटा मांडून शेगडी समजा. दाराची फळी कुठल्या बाजूला उघडणार ते काठीने रेघ ओढून पाहा. मग सुनेने पाण्याचा हंडा घेऊन दारातून चुलीपर्यंत चालून दाखवावे, आणि म्हाताऱ्या सासऱ्यांनी रात्री बाजेवरून उठून न्हाणीपर्यंत. कोण कोणाला अडखळते ते तिथेच कळते. कागदावरचा नकाशा वाचता न येणाऱ्यालाही हा नकाशा वाचता येतो.

घर लहान असेल तर ही संध्याकाळ जास्तच मोलाची. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाला २०१६ सालापासून किमान क्षेत्र २५ चौरस मीटर धरले आहे. आपल्या हिशेबाने ते साधारण २६९ चौरस फूट होतात, म्हणजे अठरा फूट लांब नि पंधरा फूट रुंद. स्वयंपाकाची जागाही त्यातच. माणसे पाच-सहा, शिवाय धान्य, बी-बियाणे, अंथरुणे, पेटी, आणि देव. अशा घरात एक-एक फूट मोजावा लागतो.

यात सर्वात जास्त जागा काय खाते, सांगा बरे? कपाट नाही, बाजही नाही. जागा खाते ती वाट. पुढचे दार आणि मागचे दार आपण समोरासमोर, खोलीच्या बरोबर मधोमध ठेवतो. मग तीन फूट रुंदीची वाट घर चिरत जाते आणि दोन्ही बाजूंना ना धड बसता येईल ना धड झोपता येईल अशा दोन पट्ट्या उरतात. अठरा फुटांची वाट नि तीन फूट रुंदी, म्हणजे चोपन्न चौरस फूट, घराचा पाचवा हिस्सा फक्त चालण्यात गेला. तीच दोन दारे एका बाजूच्या भिंतीलगत घ्या. वाट भिंतीकडेने जाईल आणि उरलेली जागा एकसंध मिळेल. वाऱ्याची काळजी करू नका. दारे एका बाजूला सरकली तर दुसऱ्या बाजूला समोरासमोर खिडक्या घ्या, वारा आरपार जातो. खिडकी एकाच भिंतीला असली की वारा दारात येऊन परत जातो, आत शिरत नाही.

ओटा कोणाच्या मापाने?

आता मुख्य विषयाकडे येऊ. उभ्या ओट्याची हौस गावोगाव आली ते चांगलेच झाले. वाकून वाकून कंबरेचा काटा ढिला झालेल्या बायका प्रत्येक घरात आहेत. पण चुकीच्या मापाचा ओटा हा खाली बसून स्वयंपाक करण्यापेक्षा वाईट. उंच झाला तर खांदे धरतात, बुटका झाला तर पाठ.

माप बाईच्या कोपरात असते. जी रोज स्वयंपाक करणार तिने अनवाणी सरळ उभे राहावे, हात कोपरात काटकोनात वाकवावा आणि जमिनीपासून कोपरापर्यंत टेप धरावा. त्यातून चार ते सहा इंच वजा करा, ती ओट्याची उंची. पाच फूट उंचीच्या बाईला हा हिशेब साधारण एकतीस ते तेहतीस इंचांवर येतो. सासू ठेंगणी आणि सून उंच असेल तर सरासरी काढत बसू नका, दोघींनाही तो ओटा जड जाईल. जिचा वेळ तिथे जास्त जाणार तिचे माप धरा.

आणखी एक खोच. मिस्त्री माप घेतो ते कच्च्या कोब्यावरून. नंतर त्यावर मसाला आणि फरशी बसली की जमीन दोन-तीन इंच वर येते आणि ओटा तेवढाच बुटका होतो. “फरशी धरून बत्तीस इंच,” असे स्पष्ट सांगा. भिंतीवर कोळशाने रेघ मारून ठेवलीत तर उत्तम.

गॅसची शेगडी स्वतःच पाच-सहा इंच उंच. तिच्यावर पातेले, आणि त्या पातेल्यात पिठले घोटायचे म्हणजे हात कानाजवळ जातो. म्हणून शेगडीपुरता अडीच-तीन फुटांचा तुकडा चार इंच खाली घ्यावा. कडप्पा कापायला तेवढाच लागतो, फक्त खालची विटांची भिंत चार इंच कमी रचायची. हाच खालचा तुकडा थोडा लांब घेतला तर कणीक मळायलाही बरा पडतो, कारण मळताना अंगाचा भार वरून द्यावा लागतो.

आता भाकरीचे काय? बाजरीची भाकरी उभ्याने थापणे सगळ्यांना जमत नाही, आणि जमलीच पाहिजे असेही नाही. परात मांडीजवळ घेऊन, पाटावर बसून थापलेल्या भाकरीचा पदर वेगळाच सुटतो, असे म्हाताऱ्या बायका सांगतात. ते खरे की सवयीचे, यात मी पडत नाही. पण जागा असेल तर ओट्याच्या टोकाला सहा-आठ इंच उंचीचा बैठा ओटाही ठेवा. गुडघे दुखणाऱ्यांना उभा, कंबर दुखणाऱ्यांना बैठा. घरात दोन्ही दुखणी असतातच.

ओट्याच्या तळाशी जमिनीलगत तीन इंच उंच आणि तीन इंच खोल अशी खोबण सोडायला सांगा. पायाची बोटे त्यात जातात, माणूस ओट्याला खेटून उभा राहतो आणि पाठ वाकत नाही. मिस्त्री म्हणेल, “वहिनी, असं कुठं करत नाहीत.” तुम्ही करून घ्या. ओट्याच्या पुढच्या काठाला अर्धा इंच उंचीची कड असावी, म्हणजे सांडलेले पाणी पोटावर येत नाही.

पाण्याचा हंडा हा तर वेगळाच विषय. पंधरा लिटरचा भरलेला हंडा भांड्याच्या वजनासकट सतरा-अठरा किलोच्या पुढे जातो. तो डोक्यावरून थेट जमिनीवर उतरवायचा, पुन्हा वाकून उचलायचा, आणि असे दिवसातून दहा वेळा. दाराच्या आत छातीच्या उंचीचा एक फूट-दीड फूट रुंद कट्टा बांधला तर हंडा डोक्यावरून सरळ तिथे टेकतो. नळाची तोटी बसवलेले पिंप त्या कट्ट्याच्या खाली दोन फुटांच्या ठोकळ्यावर ठेवा. हंडा कलंडला की पाणी पिंपात, आणि प्यायचे पाणी तोटीतून. कोणाचा हात, कोणाचा तांब्या पाण्यात बुडायचा प्रश्नच नाही. गावात घराघरांत जुलाब-उलट्या चालू असतात तेव्हा या तोटीची किंमत कळते.

स्वतःच्याच सावलीत स्वयंपाक

तुमच्या स्वयंपाकघरात दिवा कुठे आहे? दहापैकी नऊ घरांत तो खोलीच्या मधोमध. बाई मात्र भिंतीकडे तोंड करून उभी. म्हणजे दिवा तिच्या पाठीमागे आणि तिचीच सावली परातीत. तांदळातला खडा, भाजीतली अळी, दुधावर पडलेली माशी दिसणार कशी? दिवा ओट्याच्या वर, डोक्याच्या थोडा पुढे, भिंतीवर घ्यावा. वायरमन काम करत असतानाच सांगितले तर चार फूट जादा वायर, एवढाच काय तो खर्च. बटणे ओल्या हाताच्या टप्प्यात नकोत, आणि अर्थिंग खरोखर जमिनीत गेले आहे ना, हे स्वतः पाहा. पत्र्याच्या घरात आणि लोखंडी कॉटवर झोपणाऱ्यांनी तर गळतीची वीज तोडणारे छोटे यंत्र मीटरजवळ बसवून घ्यावेच.

दिवसा खिडकीने काम भागावे. राष्ट्रीय बांधकाम संहितेचा ढोबळ हिशेब असा आहे, की कोरड्या उष्ण हवेत खोलीच्या क्षेत्राच्या दहाव्या हिश्श्याइतकी तरी उघडीप असावी, आणि दमट हवेत, म्हणजे आपल्या कोकणासारख्या भागात, सहाव्या हिश्श्याइतकी. शंभर चौरस फुटांच्या खोलीला दहा चौरस फूट, म्हणजे तीन बाय साडेतीनची खिडकी. आपल्याकडे दीड बाय दोनची एक बसते, आणि तिलाही पोती लावलेली असतात! ओट्यापुढे खिडकी असेल तर तिच्यासमोर भांडी धुण्याची मोरी घ्या. शेगडी मात्र बाजूला, नाहीतर वाऱ्याने जाळ विझतो आणि गॅस वाहत राहतो. कौलारू घर असेल तर ओट्याच्या वरच्या दोन-तीन कौलांच्या जागी काचेची कौले टाका. बाराही महिने फुकटचा दिवा.

उजेड वाढवण्याचा सर्वात स्वस्त उपाय म्हणजे चुना. भडक निळा, पोपटी रंग दुकानात छान दिसतो, पण लहान खोलीत तो उजेड पिऊन टाकतो. कळीचा चुना पिंपात भिजवून किमान रात्रभर, जमल्यास दोन-तीन दिवस राहू द्यावा. फडक्यातून गाळावा. त्यात थोडा डिंक किंवा तांदळाची पेज घालावी म्हणजे हाताला लागत नाही, आणि चिमूटभर नीळ. भिंत आधी पाण्याने ओली करून पातळ तीन हात द्यावेत. एकच जाड हात दिला तर पापुद्रे सुटतात. चुना भिजवताना तो उकळतो नि उडतो, तेव्हा पोरांना लांब ठेवा. डोळ्यात चुना जाण्यासारखे वाईट नाही. गेलाच तर डोळा न चोळता स्वच्छ पाण्याने बराच वेळ धूत राहायचे आणि डॉक्टर गाठायचा. रंगाची हौस असेल तर खिडकीच्या नि दाराच्या चौकटी रंगवा, जमिनीलगत गेरूचा हातभर पट्टा काढा. डाग त्यात लपतात आणि घर नटल्यासारखे दिसते.

खाली फरशी कोणती, हा प्रश्न सगळे विचारतात. कर्नाटकातल्या शहाबादची फरशी, आंध्रातल्या कडप्प्याचा काळा दगड, राजस्थानातला कोटा, असे दूरदूरचे प्रांत आपल्या पायाखाली येऊन बसले आहेत. हल्ली चकाकणाऱ्या गुळगुळीत फरशीची चलती आहे. दिसायला देखणी खरी. पण तिच्यावर पाण्याचा थेंब पडला की म्हातारी माणसे घसरतात, आणि त्या वयात खुब्याचे हाड मोडले की घराचे सगळे वर्ष त्यात जाते. बैठकीच्या खोलीत खुशाल गुळगुळीत घाला. न्हाणी, मोरी आणि मागच्या दाराची पायरी इथे मात्र खरखरीत शहाबादीच बरी.

धूर आणि गॅस एका छपराखाली नको

उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली आणि गावोगाव लाल सिलिंडर पोहोचले. तरी चूल विझलेली नाही, हे तुम्ही-आम्ही जाणतोच. चहा आणि वरण गॅसवर, भाकरी आणि आंघोळीचे पाणी चुलीवर. सिलिंडर भरून आणायचा म्हणजे पैसा लागतो, आणि तुरीच्या-कपाशीच्या पळकाट्या शेतात फुकट. यात कोणाला शरम वाटायचे कारण नाही. पण चुलीच्या धुराने छातीचे आजार होतात, डोळे जातात, मोतीबिंदूही लवकर येतो, हे आता सिद्ध झालेले आहे. आईच्या पाठीवर बसलेले तान्हे मूल तोच धूर ओढते.

म्हणून चूल घराच्या आत नको, मागच्या पडवीत द्या. तिच्यावर पत्र्याचे वेगळे छप्पर, दोन बाजू उघड्या. पावसाळ्यात वाऱ्याच्या बाजूला तट्ट्या लावता येतो. चूल आतच ठेवायची असेल तर धुराडे हवेच, आणि ते छपराच्या आढ्याच्याही दोनेक फूट वर गेले पाहिजे. आढ्याखाली राहिले तर वारा धूर परत आत ढकलतो. सरकारने १९८३-८४ च्या सुमारास निर्धूर चुलींचा मोठा कार्यक्रम काढला होता. त्यातल्या पुष्कळ चुली पुढे बंद पडल्या. एक मोठे कारण अगदी साधे होते. धुराड्यात काजळी साचत गेली आणि ती काढणार कोण, हे ठरलेले नव्हते. पंधरा दिवसांतून एकदा काठीला चिंध्या बांधून धुराडे साफ करायचे, आणि ते काम घरातल्या एखाद्या मुलाच्या नावावर टाकायचे. मुलीच्या नव्हे, मुलाच्या. तिला कामे पुरेशी आहेत.

गॅसबद्दल दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर वर न जाता जमिनीलगत साचतो. तेव्हा सिलिंडर ओट्याखाली बंद कपाटात कोंडू नका. कपाट हवेच असेल तर त्याला तळाशी झरोके ठेवा. सिलिंडर उभाच असावा, शेगडी त्याच्यापेक्षा उंचावर असावी, आणि पेटती चूल किंवा देवाची समई त्या खोलीत खाली जमिनीवर नसावी. वास आला तर दिव्याचे बटण दाबू नका, चालू असले तर बंदही करू नका. रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या सताड उघडा, आणि बाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर फोन लावा. रबरी नळी पाच वर्षांनी बदलायची असते. नळीवर साल छापलेले असते, ते आजच वाचून पाहा.

ठेवायचे कुठे?

जुन्या घरांत भिंती दोन-अडीच फूट जाडीच्या. त्यात कोनाडे, देवळ्या, फडताळे पोटात घेतलेली असायची. आता भिंत नऊ इंची झाली, पण वस्तू कमी झाल्या नाहीत. मग लोखंडी कपाट येते, त्यावर बॅग, बॅगेवर गोधड्या, आणि ते सारे कधी कोसळेल याचा भरवसा नाही.

यावर युक्ती अशी, की बसायची प्रत्येक वस्तू पोकळ हवी. सोप्यात पाहुण्यांसाठी दिवाण घेणार असाल तर झाकण उघडणारा, पेटीसारखा घ्या; आत हिवाळ्याच्या सगळ्या वाकळी मावतात. भिंतीलगत दीड फूट उंचीचा, तितक्याच रुंदीचा विटांचा कट्टा बांधून पुढून लाकडी दारे लावली तर तो बाक झाला नि कपाटही. धान्याची पत्र्याची कोठी घरात ठेवायची असेल तर ती भिंतीपासून वीतभर लांब आणि जमिनीपासून फळ्यांवर उंच ठेवा. ओल लागत नाही आणि उंदराला आडोसा मिळत नाही. दाराच्या उंचीवर सगळ्या खोलीभर नऊ-दहा इंच रुंदीची एक फळी फिरवा. डबे, सणासुदीची पितळी भांडी, पंचमीचे साहित्य, सगळे तिथे. घासून मांडलेल्या भांड्यांच्या रांगेइतकी सुंदर सजावट मी तरी कोणत्याही घरात पाहिलेली नाही. शोकेसमधल्या प्लॅस्टिकच्या फुलांवर धूळ बसते. उतरंडीवर बसत नाही, कारण तिला रोज हात लागतो.

अंथरुणांसाठी आजी-आजोबांची वलणी आठवा. छतापासून दोरीने टांगलेला आडवा बांबू, त्यावर गोधड्या. जागा शून्य, हवा भरपूर.

आणि एक जागा अशी, जी घरात नसावीच. फवारणीच्या औषधाची बाटली. ती माळ्यावर, देवळीत, कधी कधी तर पोरांच्या हाताला लागेल अशी दाराआड ठेवलेली असते. रिकामी झाली की तिच्यात रॉकेल, नाहीतर गोडे तेल भरायचे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना झालेल्या विषबाधेत वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले, ते शेतात, उघड्यावर. बंद घरात झोपणाऱ्यांचे काय, याचा विचार करा. बाटलीवरचा त्रिकोण पाहा. लाल म्हणजे अत्यंत विषारी, मग उतरत्या क्रमाने पिवळा, निळा आणि हिरवा. हिरवा असला तरी ते विषच. घराबाहेर, गोठ्यापासूनही लांब, कुलूप लागेल अशी पत्र्याची पेटी भिंतीला ठोकून घ्या. किल्ली एकाच माणसाकडे. घरात कोणाचे मन खचलेले असेल, कर्जाची, आजाराची चिंता असेल, तर ती किल्ली कोणाकडे आहे हे आवर्जून पाहा. कुलूप उघडण्यात जो वेळ जातो, त्या वेळात माणूस वाचू शकतो.

पोरांची जागा

बारा बाय दहाच्या खोलीतही अडीच फुटांचा एक कोपरा अभ्यासाला निघतो. भिंतीला बिजागरीने फळी लावा. संध्याकाळी पाडली की टेबल, रात्री उचलली की भिंत. खिडकी डाव्या हाताला असावी, म्हणजे लिहिताना हाताची सावली वहीवर पडत नाही. डावखुऱ्या पोराला उजवीकडे. दूरचित्रवाणी त्या भिंतीच्या पाठीशी असावी, समोर नव्हे. वर एक खुंटी दप्तराला, आणि ती मुलीच्या उंचीची.

स्लॅबचा तवा

स्लॅबचे घर म्हणजे प्रतिष्ठा, हे मान्य. पण चैत्र-वैशाखात तो दिवसभर तापतो आणि रात्री सगळी ऊब खाली सोडतो. मग नव्या घराला कुलूप लावून मंडळी अंगणात झोपतात. होळीच्या आसपास गच्चीवर चुन्याचे दोन-तीन हात मारले तर बराच फरक पडतो. पांढऱ्यावर ऊन ठरत नाही. पश्चिमेच्या भिंतीला मांडव घालून दोडका, वाल, दुधी चढवा. त्यांना मोरीचे पाणी पुरते, आणि बाजूला अळू व केळ. पत्र्याच्या घरात पत्र्याखाली फूटभर अंतर सोडून बांबूचा तट्ट्या ताणून बसवा आणि वरच्या पोकळीला दोन्ही टोकांना हवा जायला फट ठेवा. फट न ठेवता गच्च बंद केले तर निम्मा उपयोग वाया.

जुने घर पाडण्यापूर्वी

शेवटी, ज्यांच्याकडे अजून जुना वाडा किंवा माळवदाचे घर उभे आहे त्यांच्यासाठी.

माळवद थंड असते हे खरे, पण त्याचे वजन लक्षात घ्या. दहा बाय दहाच्या खोलीवर फूटभर मातीचा थर म्हणजे एक ब्रास माती, साधारण साडेचार टन. ट्रॉलीभर माती डोक्यावर घेऊन आपण झोपतो. आणि गळू नये म्हणून दर काही वर्षांनी वर नवा थर पडतो, जुना कोणी काढत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात सुमारे आठ हजार माणसे गेली. त्यांतली बहुतेक मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि अशी जड छपरे अंगावर येऊन गेली. लाकडी खांब-तुळयांच्या सांगाड्याने छत पेलले होते, तिथे भिंती पडूनही माणसे वाचल्याची उदाहरणे आहेत. म्हणून माळवदात राहत असाल तर वरची जादा माती उतरवा, भिंतीला पोट आले असेल तिथे बाज टाकू नका, आणि जाणत्या अभियंत्याला एकदा घर दाखवा.

पाडायचेच ठरले, तर घाई करू नका. भिंतीला पहिली पहार लागायच्या आधीच टेम्पो घेऊन लाकूड विकत घेणारा दारात उभा असतो. “जुनं, किडकं लाकूड, जळणाच्या भावानं नेतो,” म्हणतो. तो ज्याला जळण म्हणतो तो शंभर वर्षे मुरलेला साग शहरात टेबल, झोपाळा आणि हॉटेलचे खांब होऊन उभा राहतो. त्याला हो म्हणण्याआधी गावातल्या सुताराला बोलवा. तुळईला टोचणी मारून आत वाळवीने पोकळ झाली आहे का ते तो सांगेल. सहसा भिंतीत गाडलेली टोकेच खराब निघतात, मधला भाग शाबूत असतो. एका तुळईतून नव्या घराच्या दोन चौकटी निघतात. कड्यांतून खिडक्या, फडताळाची दारे आणि वर सांगितलेली फिरती फळी. कोरीव खांब जोत्यासकट पुढच्या पडवीला लावा. गणेशपट्टी आणि उंबरा नव्या दाराला जसाच्या तसा बसतो, फक्त चौकटीचे माप आधी घ्यायला हवे. नवा दरवाजा विकत घेऊन झाल्यावर हे सुचून उपयोग नाही.

उतरवताना प्रत्येक तुकड्यावर गेरूने आकडा घाला आणि तोच आकडा वहीत कुठला खांब, कुठली तुळई असा लिहून ठेवा. खिळे ओढून काढा. लाकूड जमिनीला टेकू न देता विटांवर आडवे रचा, दोन थरांत काठ्या घालून वारा खेळू द्या, वर पत्रा टाका. ताडपत्री गच्च गुंडाळू नका, घामाने बुरशी येते. बांधकाम वर्षभर लांबले तरी लाकूड असे ठेवले तर त्याला काही होत नाही.